आपोआप सुरू होणारा संगणक : भारनियमनाच्या काळातील जठारपेठ (अकोला) परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास आपल्याकडे बहुधा पिढ्यांच्या क्रमाने शिकविला जातो. निर्वात नलिका, ट्रान्झिस्टर, एकात्मिक परिपथ आणि सूक्ष्मप्रक्रियक ही चार नावे विद्यार्थी पाठ करतात व गुण मिळवितात. या इतिहासात संगणक कसा गणन करतो याला स्थान आहे. तो चालू कसा होतो आणि बंद म्हणजे नेमका किती बंद होतो, याला मात्र जवळजवळ स्थान नाही. वास्तविक पाहता गेल्या पंचवीस-तीस वर्षांत महाविद्यालयांच्या कार्यालयांत, संगणक प्रशिक्षण केंद्रांत आणि घराघरांत जी तक्रार वारंवार ऐकू आली, ती याच दुर्लक्षित बाजूची आहे. 'बंद करून गेलो होतो, सकाळी येऊन पाहतो तर संगणक चालू' असे सांगणारा मनुष्य प्रत्येक संस्थेत एक तरी भेटतो. प्रस्तुत निबंधात या तक्रारीचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. दूर देशी ठरविलेले एक तांत्रिक प्रमाण वऱ्हाडातील विजेच्या अनियमित पुरवठ्याला येऊन भिडले, तेव्हा काय झाले आणि त्याची किंमत कोणास मोजावी लागली, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

व्याप्ती व साधने

अभ्यासासाठी अकोला शहरातील जठारपेठ परिसर निवडला आहे. मध्यमवर्गीय वस्ती, बाजारपेठ, दवाखाने व शिकवणी वर्ग एकमेकांस लागून असलेला हा भाग असल्याने घरगुती आणि संस्थात्मक असे दोन्ही प्रकारचे संगणक येथे एकाच वीजवाहिनीवर चालत आले. कालखंड मुख्यतः १९९५ ते २०१२ असा घेतला असून आवश्यक तेथे पुढच्या काळाचा उल्लेख केला आहे. साधनांमध्ये तांत्रिक प्रमाणांचे दस्तऐवज, वीज क्षेत्राचा ज्ञात इतिहास, दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांशी झालेले बोलणे आणि स्वतः संगणक लिहून ठेवीत असलेली घटनांची नोंद यांचा उपयोग केला आहे. यांतील शेवटचे साधन इतिहासाच्या अभ्यासकास अपरिचित वाटेल. परंतु कोणत्याही दप्तरास जे प्रश्न विचारावेत तेच त्यालाही विचारता येतात.

कळ आणि वीज : १९९५ पूर्वीची स्थिती

१९४६ साली जगापुढे आलेला एनिॲक हा संगणक शक्यतो बंदच केला जात नसे. नलिका तापताना आणि थंड होताना सर्वाधिक निकामी होतात, असा अनुभव आल्याने तो अखंड चालू ठेवणे स्वस्त पडे. भारतात कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ साली आणलेला एचईसी-२एम आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हे संगणकही त्याच जातकुळीचे होते. यंत्र चालू करणे हे तेथे प्रशिक्षित माणसांचे काम होते.

ही परिस्थिती वैयक्तिक संगणकाने बदलली. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकाच्या उजव्या अंगास, मागील बाजूला, एक मोठी लाल कळ होती. ती खाली पाडली की वीजपुरवठा प्रत्यक्ष तुटत असे. १९८४ च्या एटी नमुन्यानंतर जे असंख्य नकलीचे संगणक तयार झाले, त्यांत ही कळ पुढच्या बाजूस आली. तरी तिच्यापर्यंत जाड केबलने थेट घरातील वीज आणलेली असे. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानंतर आयात सुलभ झाली आणि भारतीय संस्थांत जे संगणक पोहोचले, ते मुख्यतः याच पद्धतीचे होते. विंडोज ९५ वापरलेल्या वाचकांस स्मरत असेल की, काम संपविल्यावर पडद्यावर नारिंगी अक्षरांत 'आता संगणक बंद करण्यास हरकत नाही' अशा आशयाची सूचना येई आणि शेवटची कळ माणसालाच दाबावी लागे. यंत्र परवानगी देत असे, कृती माणूस करीत असे. अशा संगणकाची कळ एकदा बंद केल्यावर तो आपोआप सुरू होण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण वीज त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. येथे एक अपवाद नोंदविला पाहिजे. ॲपल कंपनीच्या १९८३ च्या लिसा आणि १९८७ च्या मॅकिंटॉश टू या संगणकांत कळ दाबणे ही आज्ञा असून वीज तोडण्याचे काम यंत्र स्वतः करी. परंतु वऱ्हाडातील सर्वसामान्य संस्थांच्या खरेदीत त्यांना फारसे स्थान नव्हते.

'बंद' या शब्दाचा बदललेला अर्थ

इंटेल कंपनीने १९९५ साली एटीएक्स हे नवे प्रमाण जाहीर केले. मदरबोर्डचा आकार, जोडण्यांच्या जागा इत्यादी बाबी त्यात होत्या. मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन तारा महत्त्वाच्या आहेत. एक जांभळी आणि दुसरी हिरवी. जांभळ्या तारेतून पाच व्होल्टचा अल्पसा प्रवाह, संगणक बंद असतानाही, अखंड वाहतो. हिरवी तार हा एसएमपीएसला दिला जाणारा निरोप होय. ती जमिनीशी, म्हणजे काळ्या तारेशी, जोडली गेली की एसएमपीएस जागा होतो व सर्व भागांना वीज देऊ लागतो. ती मोकळी राहिली की तो स्वस्थ बसतो. पुढची कळ आता वीज तोडीत नाही. ती मदरबोर्डला क्षणभर एक संकेत देते आणि हिरव्या तारेचे काय करावयाचे हे मदरबोर्ड ठरवितो.

हा बदल वरवर लहान वाटतो, परंतु निर्णयाची जागा त्याने बदलली. कळ हे एक साधन झाले. त्याच्या जोडीला इतर अनेक साधने तोच संकेत देऊ लागली. १९८४ पासून एटी संगणकात असलेल्या घड्याळाच्या चिपमध्ये गजराची सोय होतीच. आता त्या गजराने संगणक सुरू करणे शक्य झाले. एएमडी व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी १९९५ च्या सुमारास मांडलेल्या 'मॅजिक पॅकेट' पद्धतीने नेटवर्कच्या तारेतून झोपलेला संगणक उठविता येऊ लागला. या संदेशाची रचना मोठी सरळ आहे. प्रथम सहा बाइट पूर्ण भरलेल्या, त्यानंतर ज्या संगणकाला हाक मारावयाची त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता सोळा वेळा. एखाद्याला गाढ झोपेतून उठविताना नावाने पुन्हा पुन्हा हाक मारावी, तसाच हा प्रकार होय. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय हे प्रमाण प्रसिद्ध केले आणि यंत्राच्या अवस्थांना रीतसर क्रमांक मिळाले. त्यात एस-५ ही 'मृदू बंद' अवस्था आहे आणि जी-३ ही 'यांत्रिक बंद' अवस्था आहे. विंडोजमधून संगणक बंद केला की तो एस-५ मध्ये जातो. जी-३ मध्ये जाण्यासाठी वीजच तुटावी लागते.

ज्या देशांत हे प्रमाण तयार झाले तेथे जी-३ हा विरळ प्रसंग मानला गेला. यंत्र उघडावयाचे, दुरुस्त करावयाचे, तेव्हा वायर काढावी, एवढेच त्याचे प्रयोजन. अमेरिकेतील भिंतीवरच्या सॉकेटला बहुधा स्वतंत्र बटणही नसते. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटशेजारी बटण असते आणि झोपण्यापूर्वी किंवा कार्यालय सोडण्यापूर्वी बोर्डवरची बटणे बंद करणे हा घरच्या शिस्तीचा भाग असतो. म्हणजे प्रमाण लिहिणाऱ्यांनी अपवाद मानलेली अवस्था जठारपेठेतील घरात दररोज रात्री येत होती आणि भारनियमनाच्या काळात तर दिवसातून दोन-तीन वेळा.

वऱ्हाडातील वीज

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना जून १९६० मध्ये झाली. अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातील पारस येथे त्याच दशकात औष्णिक वीजनिर्मिती सुरू झाली. वीज जिल्ह्यात तयार होते म्हणून जिल्ह्याला पुरेशी मिळते असे नव्हे, ही गोष्ट पारसच्या धुराड्याकडे पाहत अंधारात बसलेल्या पिढीला वेगळी सांगावयास नको. दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, मागणी वाढत गेली आणि २००५ च्या सुमारास राज्यातील तूट अत्यंत तीव्र झाली. विद्युत कायदा, २००३ नुसार जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी स्वतंत्र कंपन्या अस्तित्वात आल्या. वीज नियामक आयोगाच्या देखरेखीखाली भारनियमनाची वेळापत्रके ठरू लागली. वीजगळती आणि वसुली यांच्या प्रमाणावरून विभागांचे गट पाडले जात व त्यानुसार अंधाराचे तास वाट्याला येत. २००६ मध्ये पुण्यात उद्योगांच्या स्वनिर्मित विजेच्या आधारे भारनियमनमुक्तीचा प्रयोग झाला. मुंबईला तर या संकटाची झळ अल्पच लागली. वऱ्हाडातील शहरांच्या आणि त्याहून अधिक खेड्यांच्या वाट्याला आलेले तास पाहता, संगणकीकरणाचा भार आणि विजेचा भार यांची वाटणी राज्यात सारखी झाली नाही, असे स्पष्टपणे म्हणावे लागते. पारस येथे २५० मेगावॅटचे दोन नवे संच २००८ व २०१० मध्ये सुरू झाले. २०१२ च्या अखेरीस, अधिक गळतीच्या वाहिन्या वगळता, राज्य भारनियमनमुक्त झाल्याचे शासनाकडून सांगण्यात आले.

नेमक्या याच काळात संगणक सर्वदूर पोहोचत होता. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम २००२ पासून सुरू झाला आणि शासकीय सेवेसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरल्याने प्रशिक्षण केंद्रांची संख्या झपाट्याने वाढली. महाविद्यालयांत प्रवेश, परीक्षा अर्ज व वेतनदेयके संगणकावर आली. 'लाईन कधी येणार' हा प्रश्न आणि 'बॅच कितीची आहे' हा प्रश्न विद्यार्थी एकत्रच विचारीत. लाईन गेली, लाईन आली हे वऱ्हाडी बोलीतले प्रयोग येथे मुद्दाम नोंदवितो. कारण 'लाईन आली' या क्षणाचाच आपल्या विषयाशी अत्यंत निकटचा संबंध आहे.

लाईन आली आणि संगणक सुरू झाला

एटीएक्स संगणकाला वीज परत मिळाल्यावर त्याने काय करावे? बंद राहावे, सुरू व्हावे, की वीज जाण्यापूर्वीच्या अवस्थेत परत यावे? हा प्रश्न बायोसच्या मांडणीतील एका ओळीने सोडविला जातो आणि तिला वरील तीन पर्याय असतात. सर्व्हरसारख्या यंत्रांना 'सुरू व्हावे' हा पर्याय उपयुक्त असतो. घरच्या वा कार्यालयाच्या संगणकाला पहिला पर्याय पुरे. पण ही ओळ उघडून पाहणारे थोडे. संगणक जोडून देणाऱ्याने जी मांडणी ठेवली ती वर्षानुवर्षे तशीच राहिली.

याच्याही खाली एक सूक्ष्म कारण आहे. इंटेलच्या १९९९ नंतरच्या आयसीएच मालिकेतील चिपमध्ये हा निर्णय प्रत्यक्षात एका बिटमध्ये साठविलेला असतो. 'जी-३ नंतर काय' असेच त्याचे नाव आहे. बिट एक असेल तर वीज परतल्यावर संगणक मृदू बंद अवस्थेत थांबतो; शून्य असेल तर थेट सुरू होतो. हा बिट घड्याळासोबत त्या लहानशा गोल सेलवर जिवंत राहतो, आणि सेल संपून ती जागा पुसली गेली की त्याचे मूळ मूल्य शून्य असते. अर्थात सेल संपलेला संगणक बोर्डवरचे बटण दाबताच, कळीला हातही न लावता, सुरू होऊ शकतो. मग बायोस मांडणी हरवल्याची सूचना येते, घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असते आणि मालक म्हणतो की, संगणकात 'व्हायरस' शिरला आहे.

आता हा सेल लवकर का संपतो ते पाहू. भिंतीवरचे बटण चालू असते तोवर घड्याळाला जांभळ्या तारेतून वीज मिळते आणि सेलवर भार पडत नाही. बटण बंद केले किंवा लाईन गेली की सगळा भार सेलवर. दिवसाचे सोळा तास बटण बंद ठेवणारे कार्यालय आणि त्यात दिवसाचे काही तास भारनियमन, असा हिशेब मांडला की सेलचे आयुष्य का घटत होते हे समजते. विजेची बचत करणाऱ्या संस्थेचाच संगणक आपोआप सुरू होण्याची शक्यता यामुळे वाढत होती, ही त्यातली विसंगती होय. तरीही बटण बंद करण्याची सवय चुकीची होती असे म्हणता येणार नाही. मृदू बंद अवस्थेत एक संगणक ५ वॅट घेतो असे धरले, तर वीस संगणकांची प्रयोगशाळा सोळा तासांत १.६ युनिट आणि ३०० दिवसांत ४८० युनिट वीज काहीही काम न करता वापरते. तुटीच्या काळात हा आकडा लहान नव्हता. युरोपीय संघाने अशा निष्क्रिय वापराला मर्यादा घालणारा नियम २००८ मध्ये केला. आपल्या घरांतील बोर्डवरच्या बटणाने तेच काम नियमाविना आधीपासून केले होते.

स्वस्त यूपीएसने या गोंधळात आणखी भर घातली. त्याची बॅटरी दहा-पंधरा मिनिटे टिके. मग तो स्वतः बंद पडे आणि लाईन परतली की स्वतःच सुरू होऊन पुढे वीज देई. घरातील मंडळी झोपलेली असताना दोन वाजता लाईन आली, यूपीएस उठला, त्याने संगणकास उठविले, आणि अंधाऱ्या खोलीत पडदा उजळला. या दृश्याला कोणी काय नाव द्यावे हे ज्याच्या त्याच्या समजुतीवर होते. विदर्भात भानामतीच्या प्रकारांचा शोध घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक वेळी अदृश्य हाताऐवजी घरातला हात शोधण्याची पद्धत रूढ केली. येथे तर हातच नव्हता, परिपथ होता. पण शोधाची रीत तीच लागू पडते. घटना केव्हा घडते, कोणासमोर घडते आणि काय काढून घेतल्यावर थांबते, हेच पाहावे लागते.

एका नोंदीचे प्रकरण

याच संदर्भात २००८ च्या उन्हाळ्यातील एक प्रकरण प्रस्तुत लेखकास कागदपत्रांसह पाहावयास मिळाले. संस्थेचे नाव व व्यक्तींचा तपशील येथे देत नाही. कार्यालयातील परीक्षा विभागाच्या संगणकात गुणांच्या नोंदी होत्या. एका सकाळी तो चालू आढळला. तपासात विंडोज एक्सपीच्या घटनानोंदीत मागील पंधरवड्यात चार वेळा तो सायंकाळी उशिरा, पावणेआठच्या सुमारास, सुरू झाल्याचे दिसले. कार्यालय साडेपाचला बंद होई व किल्ली एका परिचराकडे असे. संगणक सुरू झाला म्हणजे कोणी तरी सुरू केला, आणि खोली उघडू शकणारा एकच, असा सरळ तर्क लावून त्यास लेखी खुलासा मागण्यात आला. गुणांत फेरफार केल्याचा संशय म्हणजे नोकरी जाण्याचीच गोष्ट. त्याने दिलेला खुलासा दोन ओळींचा आहे : मी त्या वेळी घरी होतो, मला संगणक लावता येत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला शिकविले जाते की, दस्तऐवज जे सांगतो तेवढेच तो सांगतो. घटनानोंदीतील ६००५ या क्रमांकाचा अर्थ 'नोंद ठेवणारी सेवा सुरू झाली' एवढाच आहे. कोणी सुरू केली हे ती सांगत नाही. तिच्या आसपासच्या नोंदी पाहिल्या तर चित्र बदलते. संगणक रीतसर बंद केला की ६००६ ही नोंद होते. वीज अचानक गेल्याने बंद पडला तर बंद होताना काहीच लिहिले जात नाही आणि पुढच्या वेळी सुरू होताना ६००८ ही नोंद 'मागील वेळी अनपेक्षितपणे बंद पडला' असे त्या वेळेसह सांगते. या प्रकरणात पावणेआठच्या चारही नोंदींसोबत ६००८ होती आणि तिच्यातील बंद पडण्याची वेळ प्रत्येक वेळी पावणेपाचच्या आसपासची होती. म्हणजे त्या चार दिवशी संगणक कोणी बंद केलाच नव्हता. काम चालू असताना लाईन गेली होती. अंधारात कर्मचारी निघून गेले. त्या टेबलाचे बोर्ड कपाटामागे असल्याने बटण तसेच राहिले. तीन तासांनी लाईन आली आणि बायोसमधील 'पूर्वीच्या अवस्थेत परत यावे' या पर्यायाने आपले काम केले. इतर दिवशी संगणक आधीच रीतसर बंद झालेला असल्याने तो पूर्वीच्या, म्हणजे बंद, अवस्थेत राहिला. स्थानिक दैनिकात आलेले त्या भागाचे भारनियमनाचे वेळापत्रक या वेळांशी जुळले.

येथे एक शंका उपस्थित होऊ शकते. संगणकाच्या घड्याळावर विश्वास कसा ठेवावा? सेल संपल्यास तेच चुकते, हे वर सांगितले आहे. ही शंका रास्त आहे, आणि म्हणूनच दुसऱ्या साधनाशी, वेळापत्रकाशी, मेळ घालणे आवश्यक ठरले. घड्याळ मागे पडले असते तर चारही वेळा छापील वेळांशी जुळल्या नसत्या. शिवाय गुणांच्या फायलींवर त्या वेळेचा बदल नव्हता आणि लॉगिनचा पासवर्ड दिला गेल्याची खूण नव्हती. संगणक सुरू होऊन प्रवेशाच्या पडद्यावर सकाळपर्यंत किंवा पुन्हा लाईन जाईपर्यंत उभा होता.

परिचराचे प्रकरण तोंडी मिटले. खुलासा मागणारे पत्र मात्र लेखी होते आणि ते मागे घेतल्याचे पत्र फाइलमध्ये नाही. पुढे कोणी ती फाइल वाचेल त्याला संशय दिसेल, निरसन दिसणार नाही. तांत्रिक अज्ञानाचा भार संस्थेत सर्वांत खालच्या पायरीवरील माणसावर येतो, हे या एका फाइलपुरते तरी निर्विवाद आहे.

अन्य कारणे व निदानाची रीत

सगळीच प्रकरणे लाईनशी जोडलेली नसतात. डायलअप इंटरनेटच्या काळात मोडेम टेलिफोनच्या तारेला जोडलेला असे आणि अनेक मदरबोर्डवर 'घंटी वाजल्यास सुरू व्हावे' ही सोय असे. परिणामी कोणाचाही फोन आला की संगणक सुरू होई. घंटी आणि संगणक यांचा संबंध लक्षात येण्यास काही घरांत महिने लागले, कारण फोन उचलण्याच्या गडबडीत संगणकाकडे कोण पाहणार! ऑगस्ट २००३ मधील ब्लास्टर आणि २००४ मधील सॅसर या विषाणूंनी साठ सेकंदांची उलटी गणती दाखवून संगणक पुन्हा पुन्हा सुरू केले. एक्सपीत बिघाड झाल्यास आपोआप पुनरारंभ करण्याची मांडणी मुळातच चालू असे; त्यामुळे बंद होताना बिघाड झाला की संगणक बंद होण्याऐवजी पुन्हा सुरू होई आणि वापरणारा तोवर खोलीबाहेर पडलेला असे.

काही दोष शुद्ध हार्डवेअरचे होते आणि त्यांत अकोल्याच्या हवामानाचा वाटा मोठा आहे. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष विद्युत्-अपघटनी द्रव भरलेले संधारक जगभरच्या मदरबोर्डांत व एसएमपीएसमध्ये गेले. त्यांची टोपणे फुगत, द्रव गळे आणि जांभळ्या तारेतील पाच व्होल्ट अस्थिर होत. अशा अस्थिर विजेवर मदरबोर्ड चुकीचे संकेत देतो. निर्दोष संधारकाचेही आयुष्य दर १० अंश तापमानवाढीस साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा स्थूल नियम आहे. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीऐवजी ४० अंशांच्या खोलीत यंत्र ठेवले तर हे आयुष्य सुमारे एक तृतीयांश उरते. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या आपल्या शहरात ४० अंशांची खोली ही सुखाचीच खोली म्हणावी लागेल. पावसाळ्यात याच्या उलट, धूळ आणि दमट हवा मिळून समोरच्या कळीच्या आत गळतीचा मार्ग तयार होतो. कळ कोणी दाबली नाही तरी मदरबोर्डला ती दाबल्यासारखी वाटते.

जठारपेठ भागातील एका अनुभवी कारागिराची निदानाची रीत येथे नोंदविण्यासारखी आहे. तो आधी पेचकस हातात घेत नाही, आधी वेळ विचारतो. रोज ठरावीक वेळी सुरू होत असेल तर बायोसमधील गजर किंवा एखादे नियोजित काम पाहावयाचे. लाईन आल्यावर सुरू होत असेल तर बायोसमधील ती एक ओळ आणि सेल. टेबलाला धक्का लागल्यावर किंवा मांजर कीबोर्डवरून गेल्यावर सुरू होत असेल तर कीबोर्ड व माऊसला दिलेली उठविण्याची परवानगी काढावयाची. नेटवर्कची तार काढल्यावर प्रकार थांबत असेल तर कार्डाच्या मांडणीत फक्त मॅजिक पॅकेट मान्य करावयाचे, कारण काही कार्डे सर्वसाधारण रहदारीनेही जागी होतात. यांपैकी काहीच जुळत नसेल, वेळ अगदी अनियमित असेल, तर समोरच्या कळीची बारीक तार मदरबोर्डवरून काढून ठेवून एक रात्र पाहावयाचे. संगणक शांत राहिला तर दोष कळीचा. तरीही उठला तर दुसरा एसएमपीएस लावून पाहावयाचे आणि शेवटी मदरबोर्ड. स्वस्त आणि परत करता येण्याजोगी कृती प्रथम, खर्चिक कृती शेवटी, असा त्याचा क्रम आहे. 'फॉर्मॅट मारून देतो' असे म्हणणाऱ्यांच्या रीतीहून ही रीत संशोधनाच्या कितीतरी जवळची आहे. फॉर्मॅट मारल्याने घटनानोंद पुसली जाते, म्हणजे पुरावाच नष्ट होतो.

विंडोजच्या नंतरच्या आवृत्त्यांनी हा शोध काही अंशी सोपा केला. विंडोज व्हिस्टापासून 'पॉवर-सीएफजी' या आज्ञेने संगणकास शेवटी कोणी उठविले, कोणत्या उपकरणांना तशी परवानगी आहे आणि विंडोज ७ पासून कोणते गजर लावलेले आहेत, हे विचारता येते. मात्र हे उत्तर झोपेतून उठण्यापुरते असते. पूर्ण बंद अवस्थेतून सुरू झालेल्या संगणकाविषयी ते सहसा मौन पाळते. त्याच वेळी गुंतागुंतही वाढली. इंटेलने २००६ मध्ये मोठ्या संस्थांसाठी आणलेल्या व्यवस्थेत दूर बसलेला व्यवस्थापक बंद संगणक सुरू करू शकतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून बंद करणे हे मुळात अर्धवट शीतनिद्रेत टाकणे झाले, आणि रात्रीच्या देखभालीसाठी झोपलेला संगणक स्वतः उठू लागला. १९९५ साली हिरव्या तारेने सुरू झालेले निर्णयाचे स्थलांतर असे पुढे सरकत गेले.

भारनियमनाची छापील वेळापत्रके आता दैनिकांत येत नाहीत. वादळात तार तुटणे, डीपी जळणे आणि देखभालीसाठी पुरवठा बंद ठेवणे मात्र चालूच आहे. दुसरीकडे परीक्षेचे काम पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक संगणकावर आले असून काही विद्यापीठे तर प्रश्नपत्रिकाच केंद्रावरील संगणकावर पाठवितात. अशा संगणकाच्या रात्रीच्या एका नोंदीवरून चौकशी सुरू होणे आज २००८ पेक्षा सहज शक्य आहे. महाविद्यालयांच्या जडसंग्रह नोंदवहीत प्रत्येक संगणकाची खरेदीची तारीख, किंमत, देयक क्रमांक आणि निर्लेखनाचा ठराव यांसाठी रकाने आहेत. सेल केव्हा बदलला आणि वीज परतल्यावर संगणकाने काय करावे असे ठरविले आहे, यांसाठी रकाना नाही.